खिशात मावेल असं छोटं पिस्तूल कुठलं घ्यावं? (३२ बोअर, पुणे)

रविवारपेठी_सराफ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. सोन्या मारुती चौकाजवळ वडिलांच्या वेळेपासूनचं आमचं छोटं सराफीचं दुकान आहे. मोठं शोरूम वगैरे काही नाही, पण रात्री साडेनऊला शटर ओढून मी अॅक्टिव्हावरून धायरीला घरी जातो आणि आठवड्यातून दोनदा तरी डिकीत कारागिराकडून आलेला माल असतो. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका सराफाला बाईकवरच्या दोघांनी अडवलं, तेव्हापासून घरच्यांनी धोशा लावला, मग अर्ज केला, पोलीस स्टेशनची चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, डॉक्टरचं सर्टिफिकेट, मुलाखत, असं करत करत एकदाचं लायसन्स हातात पडलं. पिस्तूल/रिव्हॉल्व्हर, एनपीबी म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर (बंदी नसलेल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं), हद्द महाराष्ट्र.

आता घोळ असा झालाय की महिनाभर रात्री जागून यूट्यूबवर व्हिडिओ बघितले. सिग पी३६५, ग्लॉक ४३, रुगर एलसीपी असली छोटी पिस्तुलं, अमेरिकेतली माणसं जीन्सच्या खिशात टाकून भाजी आणायला जातात. मी यादी करून दुकानात गेलो, दुकानदाराने यादी वाचली, हसला आणि चहा मागवला. म्हणाला साहेब यातलं एकही मिळणार नाही. मग त्याने जे दाखवलं ते माझ्या हाताला विटेसारखं लागलं.

तर माझी अपेक्षा साधी आहे. पँटच्या उजव्या खिशात राहील, वरून कुणाला कळणार नाही, वेळ आली तर पटकन निघेल. उंची पाच फूट पाच इंच, अंगाने बारीक, कपडे म्हणजे शर्ट-पँट. बजेट दीड लाखापर्यंत, जुनं पण चालेल. काय घेऊ?

खडकीचे_काका

अभिनंदन सराफशेठ. दुकानदार हसला त्याचा राग मानू नका, रोज एक तरी जण ती यादी घेऊन जातो. ग्लॉक ४३ काय आणि पी३६५ काय, दोन्ही ९ एमएमची, आणि ९ एमएम आपल्याकडे पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, तुमच्या लायसन्सवर बसणारच नाही. शिवाय १९८६ नंतर साध्या लायसन्सवाल्याला परदेशातून हत्यार मागवायची सोयच बंद झाली, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. त्यामुळे अमेरिकेतली चर्चा आपल्याला फक्त करमणूक म्हणून.

तुमच्यासमोर आता मुख्य तीन दारं आहेत. सरकारी कारखान्याचं ३२ चं पिस्तूल, ते अशनी. ३२ ची देशी रिव्हॉल्व्हर. आणि १९८६ च्या आधी आलेली जुनी इंपोर्टेड, ती लायसन्सवाल्याकडून लायसन्सवाल्याकडे फिरत राहतात. वॉल्थर पीपीके, कोल्ट १९०३ असली नावं ऐकाल. पीपीके १९३१ चं डिझाईन, अंगाने चपटं, खिशाला अगदी नामी, म्हणूनच त्याचे भाव ऐकून तुम्हाला सोन्याचे भाव स्वस्त वाटतील. दीड लाखात विसरा.

आणि एक, पिस्तुलाची ३२ आणि रिव्हॉल्व्हरची ३२ ही काडतुसं वेगळी असतात हं. नंबर एक म्हणून एकाची दुसऱ्यात घालून बघू नका. आपल्याकडे मिळणाऱ्याच्या बुडाला केएफ शिक्का दिसेल, म्हणजे किरकी फॅक्टरी, आमची खडकीची. १८६९ पासूनचा कारखाना आहे, आमच्या दोन पिढ्या तिथेच झिजल्या.

बाणेर_बुलेट

अशनी घे भावा डोळे मिटून. ८ राऊंड, चपटं, नवं हत्यार, बिल पक्कं. रिव्हॉल्व्हर खिशात घालून बस बरं अॅक्टिव्हावर, गोळ्यांची फिरती चक्री मांडीत रुतते.

दहा_मीटर_ताई

डोळे मिटून काहीच घेऊ नका दादा, हातात धरून घ्या. मी बालेवाडीला नेमबाजी करते, माझं स्पोर्ट्स पिस्तूल आहे, स्वसंरक्षणाचं लायसन्स नाही, पण घरी वडिलांची ३२ आहे त्यामुळे दोन्हीकडचं थोडं माहितीये.

छोट्या पिस्तुलाबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो की छोटं म्हणजे सोपं. उलट असतं. ३२ ची बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे गोळी सुटेपर्यंत मागची स्लाईड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरावर धरून ठेवलेली असते. म्हणून स्प्रिंग कडक, आणि पिस्तूल जेवढं लहान तेवढी पकडायला जागा कमी. घामेजल्या हाताने स्लाईड ओढून बघा दुकानात, दहा वेळा. दहाव्या वेळेला पण पूर्ण मागे येत असेल तरच पुढे बोला. अर्धवट ओढली तर गोळी तिरकी अडकते. दुसरं म्हणजे करंगळी खाली लटकते, दोनच बोटांची पकड, नळी आखूड, वरची माशी (नेम धरायचा दाणा) खसखशीएवढी. दहा मीटरवर कागद सापडत नाही लोकांना, मी बघितलंय.

३२ पिस्तुलाच्या काडतुसाची आणखी एक खोड आहे, त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकून बसली तर ते पुढे सरकत नाही, आणि ते असं घट्ट बसतं की चाप ओढून, स्लाईड मारून काही होत नाही, मॅगझिन काढून रिकामं करावं लागतं. भरताना प्रत्येक काडतूस मागे पूर्ण टेकवून, वरची कड खालच्या कडेच्या पुढे ठेवून भरायचं. साधी गोष्ट आहे पण कोणी सांगत नाही.

आणि खिशाचं म्हणाल तर नुसतं खिशात कधीच नाही. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, लागतंच, खिशाचं वेगळं मिळतं. त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, सुट्टे नाहीत, रुमाल नाही. एक किल्ली चापात शिरली की संपलं.

बाणेर_बुलेट

ताई बरोबर पण चेंबर, म्हणजे नळीमागचं गोळीचं घर, रिकामी ठेवली तर किल्ली शिरली काय न शिरली काय.

दहा_मीटर_ताई

बरोबर, आणि मग हे दादा रात्री दहा वाजता नवले पुलापाशी एका हाताने अॅक्टिव्हाचं हँडल धरून दुसऱ्या हाताने पिस्तूल काढणार आणि तिसऱ्या हाताने स्लाईड ओढणार.

खडकीचे_काका

हाहा. ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. मी आयुष्यभर चेंबर रिकामी ठेवा म्हणून सांगत आलो आणि जुन्या पिस्तुलांच्या बाबतीत आजही तेच सांगेन. कोल्ट १९०३ ला हॅमरलेस म्हणतात पण घोडा असतो, आत लपलेला, आणि गोळी चेंबरमध्ये असली की तो चढलेलाच असतो, तुम्ही फक्त सेफ्टीच्या भरवशावर. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या स्प्रिंगच्या भरवशावर मी तरी मांडीजवळ काही ठेवणार नाही. पीपीकेची गोष्ट वेगळी, त्यात घोडा खाली उतरवून ठेवता येतो आणि पहिला चाप लांब-जड लागतो. पण ते परवडत नाही म्हणून झालंय आधीच.

म्हणजे फिरून गाडी रिव्हॉल्व्हरवर येते. स्लाईड नाही, मॅगझिन नाही, एक गोळी वाजली नाही तर चाप परत ओढायचा, पुढचं घर समोर येतं. चाप जड असतो, तीच त्याची सेफ्टी समजा. ६ गोळ्या. जुन्या देशी रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या धर्तीच्या, वरून मोडून उघडणाऱ्या. प्रबळ आली २०२३ मध्ये, तिची चक्री बाजूला उघडते, ती ७०० ग्रॅमच्या आसपास. हलकी हवी तर निर्भीक, टायटॅनियम मिश्रधातूची, ५०० ग्रॅम, २०१४ मध्ये आली तेव्हा किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. आणि गंमत म्हणजे ती बायकांसाठी म्हणून काढलेली, दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या डबीत घालून देत होते. तुमच्या दुकानात शोभेल.

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. दुकानात पितळी वजनं असतीलच. ५०० ग्रॅमचं वजन एका कापडी पिशवीत घाला आणि आठ दिवस उजव्या खिशात घेऊन फिरा. झोपताना सोडून सगळीकडे. मग इथे येऊन सांगा.

सदाशिव_३०

मी जरा उलटं विचारतो, राग नसावा. हे हवंय कशाला? बाईकवरून दोघे येतात, मागचा उतरतो, कोयता मानेला लावतो, डिकीची किल्ली घेतो, वीस सेकंदात पसार. यात तुम्ही खिशातून काढणार कधी? आणि काढलंच तर तेही न्यायचे की हो. पूर्वी एक चोरी झाली असती, आता चोराकडे पिस्तूल आणि तुम्ही पोलीस स्टेशनला जबाब देत बसलेले. त्यापेक्षा माल दुपारी हलवा, रोज रस्ता बदला, डिकीत माल आहे हे कारागिराच्या पोऱ्याला कळू देऊ नका. निम्म्या वेळा बातमी आतूनच फुटते.

बाणेर_बुलेट

सदाशिव पेठेतून फुकटचा सल्ला आला, दुपारी १ ते ४ मध्ये आला हे विशेष.

सदाशिव_३०

सल्ला फुकट आहे म्हणूनच कोणी ऐकत नाही. चालू द्या.

काळा_कोट

मी वकील आहे, फौजदारीचं काम करतो, हत्यारांमधलं मला कळत नाही, त्यात पडत नाही. पण प्रश्नकर्त्याने 'वरून कुणाला कळणार नाही' असं लिहिलंय म्हणून सांगतो, आपल्याकडे लपवून बाळगायचं असं वेगळं लायसन्स नसतं. उलट आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन नेताना ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. म्हणजे झाकणं ही हौस नाही, अटच आहे. कमरेला दिसेल असं लावून हॉटेलात बसणारे जे महाभाग दिसतात ते स्वतःच्या लायसन्सवर कुऱ्हाड मारून घेत असतात.

लायसन्सच्या मागच्या अटी बहुतेक जण वाचत नाहीत. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा, शाळा-कॉलेजचं आवार, इथे खास परवानगीशिवाय न्यायचं नाही. तुमचं दुकान रविवार पेठेत आहे. गणपतीत, पालखीत तुमच्या चौकात काय असतं ते मी सांगायला नको. निवडणुका लागल्या की जमा करायचा आदेश येऊ शकतो, तो आला की मुदतीत जमा करायचं, पावती जपून ठेवायची. लग्नात हवेत बार काढायचं तर मनातही आणू नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणि स्वसंरक्षण. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो हक्क आहे, पूर्वीच्या आयपीसीत ९६ ते १०६ होता, पण संरक्षणाला गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. डिकीतला माल घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्या माणसावर मागून गोळी झाडलीत तर 'माझा माल होता' एवढ्याने भागणार नाही, पुढची काही वर्षं आपण दोघं शिवाजीनगर कोर्टात नियमित भेटू. मला चालेल, तुम्हाला चालणार नाही.

रविवारपेठी_सराफ

बाप रे. सगळ्यांचे आभार. काका, गृहपाठ आजपासून सुरू. ५०० ग्रॅमचं वजन बायकोच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधलंय. काळाकोटसाहेब, अटी काल रात्री चष्मा लावून वाचल्या, खरंच आहे सगळं तिथे लिहिलेलं.

एक शंका, २२ ची एक फार हलकी रिव्हॉल्व्हर आहे म्हणे, निडर, ती खिशाला कशी?

खडकीचे_काका

निडर २५० ग्रॅमच्या आसपास, खिशात आहे हे विसरायला होईल इतकी हलकी. पण २२ चं काडतूस कडेला ठोका बसून पेटणारं, त्यात न वाजणाऱ्या गोळ्यांचं प्रमाण मधोमध ठोका बसणाऱ्या काडतुसापेक्षा जास्त. सरावाला स्वस्त आणि गोड, जिवावर बेतल्यावर मी ३२ धरेन. ३२ सुद्धा काही तोफ नाही हं. पिस्तुलाच्या ३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, तुमच्या भाषेत अर्धा तोळासुद्धा नाही.

रविवारपेठी_सराफ

आठ दिवस झाले, हजेरी लावतो. जरा लांबलंय.

पहिल्या दिवशी पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला, तरी पँट उजवीकडे घसरत होती. दुकानात उठता-बसता काउंटरच्या कडेला ठाण् ठाण् आवाज, वडील म्हणाले खिशात काय वरवंटा घातलायस का. जी गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही ती दुपारपर्यंत शेजारच्या चहावाल्याला पण कळली, कारण मी दर पाच मिनिटांनी खिसा चाचपत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस. रेनकोटची पँट चढवली आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आता त्या खिशात तोफ असली तरी उपयोग शून्य, रेनकोटची चेन काढून आत हात घालेपर्यंत चोर चहा पिऊन येईल. म्हणजे जून ते सप्टेंबर खिसा बाद. अॅक्टिव्हावर बसल्यावर तर तसाही हात जात नाही, मांडी वाकलेली असते, खिशाचं तोंड आवळलेलं. दोनदा सिंहगड रोडच्या सिग्नलला प्रयत्न केला, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

पण खरी गोष्ट सहाव्या दिवसाची. नात्यातलं लग्न होतं, कार्यालयात बाथरूमला गेलो, वजन काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं कारण पँट खाली जात होती, हात धुतले, बाहेर आलो, पंगतीत बसलो, मठ्ठा आला, जिलबी आली. पाऊण तासाने खिसा चाचपला तर मोकळा. पळत गेलो. ओढणीचा तुकडा तिथेच होता आणि एक सात-आठ वर्षांचं पोरगं ते वजन हातात घेऊन फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवत होतं.

रात्रभर झोप लागली नाही. बायकोला सांगितलं तर ती काही बोलली नाही, फक्त लायसन्सची फाईल कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

दहा_मीटर_ताई

दादा हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. वडिलांनी एकदा ट्रेनमध्ये असंच केलं होतं, आमच्या घरात तो विषय आजही काढत नाहीत. एकदा अंगावर चढवलं की घरी येईपर्यंत काढायचं नाही, बाथरूममध्ये पण नाही, काढावंच लागेल अशा ठिकाणी जायचं असेल तर घरातून नेऊच नये. म्हणूनच मी खिशाच्या विरोधात आहे. कमरेच्या आत, शर्टाखाली, जाड पट्ट्याला घट्ट बसणारं होल्स्टर घ्या, वजन पण जाणवत नाही तेवढं. आणि एकदा कमरेला लावायचं ठरलं की अगदी छोटंच हवं हा हट्ट राहत नाही, हाताला नीट बसणारी रिव्हॉल्व्हर घेता येते. रोज घरी आलात की पुसायचं, पुण्याचा पाऊस आणि अंगाचा घाम दोन्ही लोखंडाला लागतात, महिन्यात तांबेरा धरतो.

बाणेर_बुलेट

मानलं. माझी अशनी दोन वर्षं कपाटातच आहे हे आता कबूल करून टाकतो.

सदाशिव_३०

वाजायच्या आधी पिस्तुलाने केलेली सगळ्यात चांगली कामगिरी.

रविवारपेठी_सराफ

मंडळी, शेवटचं अपडेट. माल आता दुपारी तीनला हलतो, कारागीर आणि मी दोघं, त्याच्या गाडीतून, सदाशिवरावांचा फुकटचा सल्ला मान्य. अॅक्टिव्हाच्या डिकीत आता फक्त डबा आणि रेनकोट.

लायसन्स मात्र परत करत नाहीये. काल दुकानात जाऊन तीन हत्यारं धरून बघितली. अशनीची स्लाईड सहाव्यांदा अर्धीच आली, ताईंची आठवण झाली. ३२ ची रिव्हॉल्व्हर हाताला बसली, चाप जड आहे पण बोट पुरतं. बयाणा दिला नाही अजून. आधी पावसाळाभर रेंजवर शिकायचं ठरवलंय, दिवाळीनंतर बघू, खरेदीची मुदत आहे तोपर्यंत. पितळी वजन परत तराजूशेजारी गेलं.

पुढच्या वर्षीसाठी एक विचारून ठेवतो. गणपतीचे दहा दिवस आम्ही सगळे मंडळातच असतो, घराला कुलूप. तेव्हा घरच्या तिजोरीत ठेवलेलं चालतं की जमा करावं?

खडकीचे_काका

घराला कुलूप असेल तर जमाच करा. पोलीस स्टेशनला करता येतं, नाहीतर हत्यारं ठेवून घ्यायचा परवाना असलेल्या दुकानदाराकडे, थोडं भाडं घेतो. काडतुसं मोजून द्या.

काळा_कोट

आणि पावती घ्या, नंबर स्वतः ताडून.

रविवारपेठी_सराफ

सराफाला पावती शिकवताय होय वकीलसाहेब :)